सेनापतीचा आवाज

३ मार्च
आमच्या मंडळाचं रेडिओ नाटक ठरलं. सेनापतीचं काम रिकामं आहे. अख्ख्या मंडळात भारदस्त आवाज एकच, माझा. असं अजून कोणी बोललेलं नाही, पण सगळ्यांना माहीत असणार. आजपासून ऑडिशनपर्यंत मौन.

३ मार्च, संध्याकाळी
मौन मोडलं. लाँड्रीवाल्यानं कॉलर जाळली. उद्यापासून नक्की.

५ मार्च
लेकीनं मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप टाकून दिलं. आकडा मोठा तेवढा आवाज पातळ. मी सेनापतीचं वाक्य म्हटलं: एकशे सत्तर. तेवढ्यात आमची ही म्हणाली, चहा गार होतोय: एकशे साठ. फुकटच्या ॲपकडून आणखी काय अपेक्षा करायची.

६ मार्च
घशाच्या डॉक्टरकडे गेलो. म्हणे, वय झालं की पुरुषांचे स्वरतंतू बारीक होतात आणि आवाज वर चढतो. बायकांचा उलट खाली उतरतो. शिवाय जोर लावला की कोणाचाही आणखी चढतो. डॉक्टर अगदीच पोरसवदा आहे, त्याला काय कळतंय. हनुवटी छातीला टेकवली की आवाज खोल येतो, हे माझं मीच शोधून काढलं.

६ मार्च, रात्री
मान आखडली.

७ मार्च
ऑडिशन. 'एक पाऊलही मागे घेऊ नका.' असा काही जोर लावला की काचेपलीकडच्या साउंडवाल्यानं हेडफोन काढून ठेवले. दिग्दर्शकानं डोळे मिटून घेतले. भारावला असावा.

९ मार्च
दिग्दर्शकाचा फोन आला तेव्हा मी अंघोळीला. हिनं उचलला. ते अंघोळ करताहेत, काय असेल ते मला सांगा, एवढंच म्हणाली. तो म्हणाला, हेच जरा परत म्हणता का.
सेनापतीचं काम हिला मिळालं. मी टॉवेल गुंडाळून अभिनंदन केलं. वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण भात परत घेतला नाही.
मलाही काम दिलंय. सेनापतीची बायको. ते करणारी बाई सुटीवर गेली आहे. साफ नकार देणार.

१२ मार्च
तालीम झाली. मला एकच वाक्य, 'स्वतःला जपा.' हिच्याकडे बघून म्हटलं. पहिल्याच झटक्यात पसंत पडलं. दिग्दर्शक म्हणाला, सेनापतीच्या आईचंही काम कराल का. विचार करून सांगतो म्हणालो. मग जिन्यात गाठून हो म्हणालो.