थेरेसा आंटींची हजेरी

प्रिय मॅल्कम,

नेरिसा उद्या तुमच्याकडे मस्कतला परत निघते आहे, तिच्या बॅगेत हे पाकीट घालते. हाताने लिहायची सवय राहिली नाही, अक्षर लागलं नाही तर मला शिव्या घाल. ऑफिसच्या लॅपटॉपवर हे लिहिता येणार नाही, आणि फोनवर सांगायला घेतलं की तू 'जाऊ दे ना मधू' म्हणशील आणि मी खरंच जाऊ देईन. तीन आठवडे तेच चाललं आहे. आमच्या कंपनीकडून तुला जो कागद आला आहे, त्यावर सोमवारी सही करायच्या आधी हे शेवटपर्यंत वाच.

आंटींच्या मनगटावर ती पट्टी मीच बांधली. 'ह्या घड्याळात वेळ काय दिसत नाय, मग कशाला बांधतंस गो?' असं त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, वेळ नाही आंटी, तुमचे ठोके मोजणार. पट्टी ते ठोके आमच्या परळच्या ऑफिसात आणि तुझ्या फोनवर पाठवायची. सगळं ठीक असलं की हिरवा ठिपका, बिनसलं किंवा ठोके येईनासे झाले की लाल. घरात असताना वायफायवरून, बाहेर पडल्या की मोबाइल नेटवर्कवरून. आणि आंटी काय एका जागी बसणाऱ्या? सकाळी चर्च, मग मासळीबाजार, बुधवारी माहीमच्या चर्चात नोव्हेनाची प्रार्थना. तशीच एक पट्टी मी आमच्या अण्णांनाही बांधली, कारण आपल्या बापाला जे देणार नाही ते दुसऱ्याच्या आईला कसं द्यायचं.

पहिल्या आठवड्यातला गोंधळ तुला आठवत असेल. आंटी दार ओढून जिना उतरायला लागल्या की पट्टी वायफाय सोडून मोबाइल नेटवर्क धरायची, त्यात चाळीसेक सेकंद जायचे, आणि तेवढ्यात तुझ्याकडे लाल. नवव्या वेळी तू मीटिंगमधून उठून मला फोन केलास. 'मधू, यार, आईच्या आधी मीच जाईन. काहीतरी कर.' मी केलं.

काय केलं ते कॉलेजच्या भाषेत सांगते. दुसऱ्या वर्षाला सकाळच्या पहिल्या लेक्चरला मी कधी वेळेवर पोचले नाही, आणि तू मागच्या बाकावरून नाक दाबून, बायकी आवाज काढून माझी हजेरी द्यायचास. वर्षभर सरांना पत्ता लागला नाही. मी सर्व्हरला तेच शिकवलं. पट्टी एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर जात असेल तेव्हा तिच्या वतीने सर्व्हरने सांगायचं, हजर आहे, ठीक आहे. पट्टी पोचली की ती आपली जागा परत घेणार, आणि मधे काही तुटलं होतं हे कुणाला कळणारही नाही. फक्त साठ सेकंदांपुरतं. मला त्याचा अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू. तू खजुराचा डबा पाठवलास आणि अण्णांनी तो दोन दिवसांत संपवला.

मग लोकांच्या तक्रारी यायला लागल्या. कुणी लिफ्टमध्ये अडकलं की लाल, कुणी तळघरात गेलं की लाल. मयूर, म्हणजे माझा साहेब, दर वेळी म्हणायचा, थोडं वाढव ना. साठ सेकंदांची दहा मिनिटं झाली, मग दोन तास, शेवटी अख्खा दिवस. प्रत्येक बदल माझ्या हातचा आहे. ठिपका पट्टीने लावलाय की सर्व्हरने, हे स्क्रीनवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. एकदा मनात आलं होतं, लिहावं. तेवढ्यात जेवायची वेळ झाली आणि ते राहिलं.

आता तो शुक्रवार. पाववाल्याने दार ठोठावलं, आतून उत्तर नाही, म्हणून शेजारच्या लक्ष्मीताईंनी मला बोलावलं, कारण दुसरी किल्ली माझ्याकडे. आंटी दारापासून चार पावलांवर पडलेल्या होत्या. पायात बाहेरच्या चपला. बाजूला बोंबलांची पिशवी, तिचा वास खोलीभर. मी दिव्याचं बटण दाबलं, दिवा लागला नाही. तुला ठाऊकच आहे, बाहेर पडताना त्या मेन स्विच बंद करायच्या, आणि परत आल्यावर चपला काढायच्याही आधी चालू करायच्या. किती चिडवायचो आपण त्यांना. मी मेन स्विच चालू केला. पंखा फिरला, वायफाय सुरू झालं, आणि दोन मिनिटांत ठिपका लाल झाला. सात वाजून दहा मिनिटं.

तुझ्याकडेही तेव्हाच झाला, आणि तुझा फोन आला. तोवर आम्ही दोघींनी त्यांना पलंगावर ठेवलं होतं. मी म्हणाले, झोपेत गेल्या. लक्ष्मीताईंनी बोलावलेले डॉक्टर हळूच म्हणाले, बराच वेळ झालाय. तेव्हा मी बोंबलांची पिशवी उचलून मागच्या दाराने टाकायला गेले. तीन साबण बदलले, हाताचा वास जात नाही.

आंटींच्या खोलीत मोबाइलला रेंज येत नाही, तू स्वतः खिडकीत उभा राहून बोलायचास. त्यांनी आत पाऊल टाकलं तेव्हा मोबाइल नेटवर्क सुटलं, आणि वायफाय बंदच होतं. पण पट्टी मोजत राहिली. वायफाय मिळताच तिने साठवलेलं सगळं पाठवून दिलं. मयूरने मला ते पुसून टाकायला सांगितलं. मी पुसलं नाही, छापून सोबत जोडलं आहे. गुरुवारी दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी पट्टीचा आमच्याशी संपर्क तुटला. ठोके मात्र चार चाळीसपर्यंत चालू होते. साडेतीन तास, मॅल्कम. आणि मी परळला होते, टॅक्सीने फार तर अर्ध्या तासावर. तू अंत्यविधीनंतर मला म्हणालास, दोन वाजता फोन लावला होता, लागला नाही, पण हिरवं होतं म्हणून निश्चिंत राहिलो. तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे पाहू शकले नाही.

त्या कागदात लिहिलंय की पट्टी नीट चालत होती आणि आंटी सात दहाला झोपेत गेल्या. तुझी सही मिळाली की एक तारखेपासून ही पट्टी आणखी दोन हजार म्हाताऱ्यांच्या हातावर जाईल, आहे तशी. म्हणून हे लिहिते आहे. सही करू नकोस. हे आकडे घेऊन जाहीर विचार, माझं नाव घेऊन विचार. आई झोपेत गेली, एवढंच समाधान तुझ्याकडे होतं, ते मी काढून घेतलं, याची माफी मागायचं धाडस नाही. पण 'काहीतरी कर' म्हणालास ते मनाला लावून घेऊ नकोस. तू साठ सेकंद मागितले होतेस, दिवस मी दिला. अण्णा सकाळी दहाला वाचनालयात गेलेत, साडेअकराला येतात, आता एक वाजत आला. माझ्या फोनवर त्यांचा ठिपका हिरवा आहे, पट्टीने लावलेला की सर्व्हरने, ते त्यावर लिहिलेलं नाही. मी पत्र इथेच थांबवते आणि त्यांना शोधायला खाली जाते.

अजूनही तुझीच म्हणवून घेणारी,
मधुरा