डाव्या हाताचे स्वर

अण्णा, एक तक्रार नोंदवायची आहे आणि ती गांभीर्याने ऐकून घेणारं तुमच्यानंतर घरात कुणी उरलेलं नाही. काल इथे नाशिकला गंगेकाठच्या मैदानावर दुपारी गाण्या-नाचाचा कार्यक्रम होता, आणि दारावरच्या फलकावर हातभर अक्षरांत 'निशुल्क' छापलं होतं. विसर्ग नाही. दोन टिंबं, त्यांना शाई ती किती लागणार. खुर्च्या लावून घेणाऱ्या बाईंना मी अदबीने म्हटलं, "इथे विसर्ग राहिलाय." त्या म्हणाल्या, "राहू दे काका, नंतर बघू. तुम्ही आधी सावलीतली खुर्ची धरा." धरली. तुम्ही असतात तर फलक खाली उतरवायला लावला असतात, आणि मग काहीही न बघता घरी आला असतात.

गेलास कशाला, म्हणाल. नाचणारी माझी जुनी विद्यार्थिनी. कॉलेजात संस्कृतच्या तासाला तिला 'राजन्' कधी धड चालवता आला नाही, पण मंचावर स्वतः राणीसारखी चालते. फोनवर म्हणाली, "सर, या ना. श्रीलंकेचे ढोलवाले आहेत, नेपाळचे नाचणारे आहेत, बांगलादेशातले एक गाणारे आजोबा आहेत. आणि फुकट आहे." शेवटचं वाक्य मुद्दाम. माझी कीर्ती तिच्यापर्यंत पोचलेली आहे. आजोबा एकतारीवर फार सुंदर गायले. भाषा कळत नव्हती, मधेच एखादा तत्सम शब्द ओळखीच्या माणसासारखा मान हलवून पुढे जाई.

मग ती आली. नाचण्याआधी माइक घेऊन पुढे उभी राहिली, बोटं जुळवून तळहात पालथा केला आणि हलकेच वर-खाली हलवला. "ओळखा, मी काय सांगतेय?" मागून एक जण म्हणाला, "सातपूरची बस थांबवतेय." शेजारचा म्हणाला, "मग ती थांबत नसते." लोक हसले. एक लहान मुलगी म्हणाली, "मांजराला झोपवतेय." ती म्हणाली, "सगळं बरोबर. हात एकच असतो. काय चाललंय ते कळलं, तरच हात कळतो."

मी मनात म्हटलं, हा आपला प्रांत. आणि तुमचा हात आठवला. पहाटे स्वयंपाकघरात, आई चहा टाकतेय, तुम्ही पाटावर आणि वेदपाठाला मी समोर. उदात्ताला हात वर, अनुदात्ताला खाली, स्वरिताला बाजूला. माझा चुकला की तुम्ही बोलत नसायचात, मनगट धरून जागेवर नेऊन ठेवायचात. एकदाच बोललात. "तोंड चुकलं तर देव सांभाळून घेईल. हात चुकला तर मी घेणार नाही." अर्ध्यातून सोडून मी व्याकरणाकडे गेलो. त्या दिवसापासून माझं मनगट कुणी धरलं नाही.

त्यानंतरचा हात द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यातला. झटक्याने वाचा गेली होती, उजवी बाजू गेली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तुमचा डावा हात पालथा होऊन हलायला लागला. वर, खाली. वर, खाली. मी सगळ्यांना सांगितलं, "अण्णांचा पाठ चाललाय. उजवा गेला म्हणून डाव्याने म्हणतायत." खोलीत दहा-बारा माणसं होती, सगळ्यांनी हात जोडले. घाटावरच्या एका गुरुजींनी विचारलं, "कितवा अध्याय असेल?" मी जरा थांबून म्हटलं, "सोळावा असावा." तुम्ही माझ्याकडे बघत होता. मग हात आणखी जोरात हलायला लागला, तर मी म्हटलं, लय वाढली. दुपारी तुम्ही गेलात. अकरा वर्षं दर श्राद्धाला मी हे सांगतो. ऐकणारे म्हणतात, असं मरण भाग्याचं. मलाही ते आवडतं. मुलगा कुणाचा, तेही त्यात येतं ना.

काल माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक बाई होत्या, नाशिक रोडहून मुलीला घेऊन आलेल्या. मंचावरचा तो हात बघून त्या मुलीला म्हणाल्या, "अगं, तुझे आजोबा शेवटी असंच करायचे. आठवतं?"

"काय मागायचे?"

"मागायचे कुठे. पंखा बारीक करा, असं हाताने म्हणायचे. आम्हाला चार दिवस कळलंच नाही."

मुलगी हसली, बाईही हसल्या. मंचावर नाच सुरू झाला. चांगला झाला असणार, लोक टाळ्या वाजवत होते. मी विद्यार्थिनीला न भेटता निघालो.

तेव्हा वैशाख होता, अण्णा. भेटायला येणाऱ्यांना उकडत होतं, म्हणून पंखा मीच पूर्ण सोडला होता, तुमच्या बरोबर डोक्यावर. तुमच्या अंगावर एक पातळ चादर होती. आणि डाव्या हाताने तुम्ही उभ्या जन्मात कधी स्वर दाखवला नाहीत. तो हात अशुद्ध म्हणून मांडीखाली घेऊन बसायचात. हे त्या खोलीत एकट्या मला ठाऊक होतं.

हे पत्र कुणाच्या हाती पडायचं नाही, म्हणून लिहून टाकतो. सोळावा मी अंदाजाने म्हटला होता. मला एकही स्वर ओळखता आला नव्हता. तुम्हाला गार लागत होतं, असं मला कालपासून वाटतंय, आणि आम्ही सगळे हात जोडून उभे राहिलो.