शुभदाच्या पोटातला नर

अक्के, बंगळुरातूनच तुझ्या पाया पडते.

काल जेवायला बोलावलेल्या पाहुण्यांत पहिल्या टपकल्या आमच्या वन्सं. त्याच गं, माझ्या सुनेच्या, शुभदाच्या ओटीपोटातल्या दुखण्याला इतकी वर्षं ढोंग म्हणणाऱ्या.

इथल्या डॉक्टरीणबाई कानडीत म्हणाल्या होत्या, पोटात 'नर' फुगलाय. मी नातू समजून पेढे आणायला निघाले! शुभदा म्हणाली, "अहो आई, कानडीत नर म्हणजे शीर." ऑपरेशन करून त्या शिरा बांधल्या, आणि घटकाभर उभी राहू न शकणारी पोर काल सगळ्यांच्या पोळ्या लाटत होती!

वन्सं पोटभर जेवल्या, नि हात धुताना हळूच म्हणाल्या, "वहिनी, माझंही तस्संच दुखतं हो."

तुझंही तसं काही दुखत नाही ना? लपवू नकोस.

वन्सं शुक्रवारी परत येणार आहेत, डॉक्टरीणबाईंकडे जायला.

तुझी धाकटी,
गोदी