झोपलेल्या गुणसूत्रासाठी काढा

सालवड, बोईसर
८ फेब्रुवारी २०२५

ती. मंजुळाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलायची सोय नाही. आमच्या भिंती पातळ आणि सासूबाईंचे कान लांब. म्हणून हे पत्र मासळीवाल्या बायडीच्या रिकाम्या पाटीतून मुरब्याला धाडते आहे. बोंबलाचा वास आला तर सोसून घे.

तिशीआधीच माझी पाळी का थांबली, ते आता कळलं. बाईच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात आणि त्यातलं एक शरीरच झोपवून ठेवतं. कुठल्या पेशीत कोणतं झोपेल याचा एरवी नेम नसतो. माझ्या एका एक्सचा तुकडा जन्मापासूनच नाही, आणि माझ्या अंगाने नेमकं तेच झोपवलंय. म्हणून मी धडधाकट आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. फक्त बीजांडांना दोन्ही एक्स जागी लागतात, तिथे घात झाला. मूल हवं तर दुसरीचं बीजांड किंवा दत्तक.

मैनाबाईंनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, यातलं एवढंच ऐकलं की सुनेचं काहीतरी झोपलंय. लगेच कमलाकांत नावाचा जडीबुटीवाला गाठला. तो म्हणे झोपलेलं गुणसूत्र काढ्याने उठवतो! काढा घे, नाहीतर माहेरी चालती हो, असा हुकूम झाला आहे. नवरा म्हणवणारा विक्रम कारखान्यातून येतो, जेवतो आणि मोबाइलमध्ये तोंड खुपसतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सलोनी


मुरबे
११ फेब्रुवारी २०२५

चि. सलोनीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. आदी रडले, मंग हसले. तुज्या अंगाला तुटकं कुठलं ते कळलं, त्यानं ते गुपचूप निजवलं नि चांगल्यावर काम भागवलं. आता हा दीडशहाणा तेच तुटकं उठवनार! त्याला म्हनावं, पैली तुजी अक्कल उठव, ती आईच्या पोटापास्ना घोरतेय.

नि तुजी सासू? तुज्या लग्नात आमच्या सुकटीच्या वासानं नाकाला पदर लावून बसली होती. आता कुनाचं तरी काळं पानी तिला तीर्थ वाटतं. मैनाबाई गं बाई, डाळीतला खडा काडून टाकता ना? मंग सुनेच्या अंगानं तेच केलं तर तुमच्या पोटात का दुकतं?

काडा तोंडाला लावू नको. हितं यायचं तर हाकलली म्हनून येऊ नको, यावंसं वाटलं तर ये. घर तुजं हाय. पोरी, मूल नाय झालं तर नाय झालं, तू हायस ना आमाला.

पोटभर जेव. जीव लावून असावं.

तुजी आत्या,
मंजुळा


बोईसर
९ मार्च २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्ता बदललेला दिसला असेल. सांगते.

कमलाकांत घरी आला. माझी नाडी धरून, डोळे मिटून म्हणाला की गुणसूत्र डाव्या मूत्रपिंडामागे निजलंय. सासूबाईंनी हात जोडले. मी विचारलं की उजव्या मूत्रपिंडामागे काय आहे, तर म्हणाला की शंका घेतली तर गुण येत नाही. मला हसू आवरेना. मग विक्रम उठला. वाटलं, आता त्याला हाकलेल. पण विक्रमनेच काढ्याचा पेला उचलून माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, की आईच्या समाधानासाठी एक घोट घे.

आत्या, सासूबाई महिनाभर बोलत होत्या, ते लागलं नाही. हे लागलं. डॉक्टरीणबाई समजावत होत्या तेव्हा हा माझ्या शेजारच्या खुर्चीवर होता. मी पेला मोरीत ओतला आणि कपडे भरले. मुरब्याला आले नाही, कारण सासूबाईंना तेच हवं होतं. माझ्या लॅबमधली रिद्धी राहते त्या चाळीत खोली घेतली आहे. पहिल्या रात्री खूप रडले. दुसऱ्या दिवशी कामावर गेले.

काल विक्रम आला होता. मी त्याला उंबऱ्याबाहेर चहा दिला. चुकलो म्हणाला. मूल नसलं तरी चालेल म्हणाला, दत्तकाचंही बोलला. डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं. जाताना विचारत होता, की पुढच्या रविवारी येऊ का.

मी म्हटलं, आईला विचारून ये.

तुझा हात माझ्या डोक्यावर राहू दे.

तुझी,
सलोनी