कोयनेचं शेण

सोमवार, ३ नोव्हेंबर
आले बाई एकदाची! निगडीहून बस बदलत चाकण गाठलं. कंपन्यांच्या पाठीमागे आमचं गेंडा-केंद्र. मी इथली नवी डॉक्टर, पण खरी मालकीण गोदा, आमची गेंड्याची मादी. पहिलटकरीण आहे, दिवस भरत आलेत. पिल्लू जगलं तर पुढे तराईच्या जंगलात सोडायचं, त्यासाठीच हा सगळा खटाटोप. शेजारच्या कंपनीतला पत्रे ठोकणारा प्रेस सारखा धपधपतो, पायाखालची जमीन हलते. गोदाला त्याचं काही नाही, दचकते ती मीच. राखणदार ज्योतीराम इथल्याच गावचे. म्हणाले, सवय हुईल. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, प्रेस बंद, तवा आमाला करमत न्हाई. मला हसूच आलं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
गोदाला बाळंतपणासाठी नव्या गोठ्यात हलवलं. तिथं नुसत्या येरझाऱ्या. गेंडा ठरलेल्या जागीच शेण टाकतो, तो ढीग म्हणजे त्याचं घर. म्हणून जुन्या आवारातलं शेण आणून इथं पसरायला सांगितलं. ज्योतीरामनी ट्रॉली भरून आणलंही. माझ्या हुशारीवर मीच खूश.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
घोळ झाला. जुन्या आवारात ढीग दोन होते, आणि आम्ही आणलं ते कोयनेचं. कोयना ही इथली आधीची मादी, गेल्या वर्षी विताना दगावली, पिल्लू पोटातच गेलं. ज्योतीरामना वाटलं, शेण ते शेण. मीही विचारलं नाही. गोदा भिंतीला चिकटून उभी, ढिगाकडे फिरकत नाही. तरी ढिगावर आज सकाळी ताजं शेण होतं, वाफाळतं.
प्रेस बंद आहे. जमीन मात्र धपधपतेय.

रविवार, ९ नोव्हेंबर
ढीग उपसून लांब टाकला. सकाळी पुन्हा तिथंच, तेवढाच. भोवती तीन बोटांचे ठसे. गोदाचा पाय एवढा मोठा नाही. ज्योतीराम म्हणाले, आपुनच तिला घरी आनलं, आता ती कशाला जातीय. मी त्यांच्यावर ओरडले. भीती वाटली म्हणून ओरडले, दुसरं काय.

बुधवार, १२ नोव्हेंबर
गोदा व्यायली. पिल्लू जिवंत! रडलेच मी. पण गोदा त्याला जवळ घेईना. बाटली ते तोंडात धरत नाही. असंच उपाशी राहिलं तर — नाही. जगलंच पाहिजे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
गोदाला पलीकडच्या कप्प्यात घेऊन दार लावलं. मी वही नि बाटली घेऊन पिल्लाजवळ. कधी उठलं, कधी प्यायलं, सगळं लिहायचं असतं. ज्योतीराम आत यायला तयार नाहीत. एवढंच बजावलं, आई आनि लेकराच्या मधी हुभं ऱ्हाऊ नका. अहो, आई तर दाराआड आहे!

उठलं. लटपटत ढिगाकडे —

मान वर करून हवेतच पितंय. घटाघटा. तोंडाला फेस. दूध आहे. खरं दूध —

नको गं कोयने, गोदाचं आहे ते. ओढलं त्याला. माझ्या पाठीमागे घेतलं, कोपऱ्यात.

आज गुरुवार. प्रेस बंद —

जमीन —

ज्योतीराम ओरडतायत, ताई, मधून सरा, मधून —