देवाला ऐकू जाईल

माय,

आज दिवाळीचा पाडवा झाला. धाकटा भाऊ आला नाही. सकाळी अंगणात शेणाचे पांडव मांडले, पण तुझ्यासारखे जमत नाहीत, माझ्या भीमाचं पोट दरवर्षी उलतं. शेवयाची खीर केली. एकटीसाठी किती करायची याचा अंदाज मला या वयातही येत नाही, झाली पातेलंभर. शेजारणीला दिली, कुत्र्याला घातली, तरी उरली. दुपारी घर खायला उठलं, तेव्हा पायात चपला घातल्या आणि देवळाकडं गेले.

सुट्टीचे पाहुणे आले होते. एक माहितगार बाप्या त्यांना सांगत होता, हे तेर म्हणजे एके काळची राजधानी, इथला माल समुद्रापार जायचा, शिलाहार राजे मोठ्या मिजाशीत स्वतःला या नगराचे धनी म्हणवायचे. पाहुण्यांनी इकडंतिकडं बघितलं. त्यांना काय दिसणार? विटांचं जुनं देऊळ, तेरणेची बारीक धार आणि पायरीवर बसलेली मी म्हातारी. आत आपला त्रिविक्रम तसाच उभा, एक पाय वर उचलून. तीन पावलांत बळीचं राज्य घेऊन त्याला पाताळात घालणारा देव तो हाच. आणि तू बघ! याच देवाच्या गावात, त्याच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर, दर पाडव्याला धाकट्याला पाटावर बसवून ओवाळायचीस आणि म्हणायचीस, "इडा-पिडा टळू दे, बळीचं राज्य येऊ दे." सगळा मुलूख हे खणखणीत म्हणतो. तू पुटपुटायचीस. लहानपणी मी विचारलं तर दंडाला चिमटा काढून म्हणालीस, "हळू बोल की गं सटवे, देवाला ऐकू जाईल!" मला ते लगेच पटलं. ज्यानं बळीला गाडलं त्याच्याच दारात बळीचं राज्य मागायचं, तर आवाज खालीच पाहिजे. तुझे मालक, आमचे बापू, मात्र वेगळं सांगायचे. म्हणायचे, निजामाच्या राज्यात तुझी आई, म्हणजे आमची आजी, भीत भीत म्हणायची, दुसऱ्या राजाचं नाव रझाकारांच्या कानावर जाऊ नये म्हणून, आणि तीच सवय तुला लागली. खरं काय ते तुलाच ठाऊक.

पण पाटावर कायम धाकटाच. मी तेलाची वाटी धरून उभी. एकदा म्हणाले, "मलाबी ओवाळ की." तू हसलीस. "पोरीला कुठं ओवाळतात व्हय? तू परक्या घरची." बरं. गेले परक्या घरी. नवरा वारला आणि परत या घरी आले, तेव्हा तरी मी कुठली हे ठरायला पाहिजे होतं. त्या पहिल्या पाडव्याला तू ताट सजवलंस आणि माझ्याकडं न बघता म्हणालीस, "तू जरा आत बस बाई. चहा टाक." मला कळलं. ओवाळणीच्या ताटापुढं मी नको. लोकांनी म्हटलं असतं तर चार शब्द सुनावले असते, पण तू म्हणालीस. मी रडले नाही. चहात साखर घातली नाही, मुद्दाम. तुम्ही दोघांनी तो तसाच गुमान पिला. लई लागलं मला ते, माय. त्यानंतर तू होतीस तोवर दर पाडव्याला मी स्वैपाकघरात दाराआड, आणि बाहेर तुझी पुटपुट. कान देऊन ऐकायचे, पण स्टोच्या आवाजात शब्द कळायचे नाहीत. मला बळीशी काही देणंघेणं नव्हतं. त्या पुटपुटीत माझ्यासाठी काही आहे का, एवढंच ऐकायचं होतं. तुला कधी विचारलं नाही. नाही म्हणाली असतीस तर?

संध्याकाळी सोलापूरहून धाकट्याचा फोन आला. गुडघे धरलेत, एसटीत चढवत नाही, पोरांना वेळ नाही. मी तोडून बोलले, "नको येऊ. तुझ्या पाटाला वाळवी लागू दे, मला काय त्याचं!" तो मग म्हणाला, "आक्का, माय हळू का म्हणायची, ठाव हाय का तुला?"

"देवाला ऐकू जाईल म्हणून."

"न्हाय. तुला ऐकू जाईल म्हणून. तू माघारी आल्यापासून माझं ओवाळून झालं की ती ताट तसंच स्वैपाकघराच्या दाराकडं फिरवायची. तुझं नाव घ्यायची अन् परत सगळं म्हणायची. मला म्हणायची, तिला सांगू नको, रडत बसंल."

मी फोन ठेवला. रडत बसले, तू म्हणाली होतीस तशीच. मग उठून ताट काढलं, निरांजन लावलं आणि स्वैपाकघराच्या दाराकडं ओवाळलं. दाराआड कुणी नव्हतं. जी असायची ती मी, आज अलीकडं उभी. नाव तुझं घेतलं आणि मोठ्यानं म्हणाले, बळीचं राज्य येऊ दे. ऐकू दे देवाला. त्याचं काय भ्यायचं आता?

हे कुठं धाडायचं नाही, म्हणून लिहिते. धाकटा लहानपणापासून थापाड्या, तुला ठाऊक आहे. स्वतः साय खाऊन मांजराचं नाव सांगणारा. आज यायला जमलं नाही, वर मी फाडकन बोलले, तेव्हा बहिणीची समजूत काढायला त्यानं हे रचलं नसेल कशावरून? शपथ घे म्हटलं असतं तर त्याचा आवाज हलला असता, आणि मला लगेच कळलं असतं. म्हणूनच मी घाईनं फोन ठेवला, माय.