ताईच्या मासोळीबाबत

प्रति,
मा. मुख्य ग्रंथपाल,
सार्वजनिक ग्रंथालय

विषय: मयत व्यक्तीची खूण पुस्तकांवर आजही उमटत असल्याबद्दल खुलासा मिळणेबाबत.
संदर्भ: माझा मागील अर्ज, ज्यावर आपण फक्त शिक्का मारलात.

महोदय,

आपल्या ग्रंथालयात माझ्या वारलेल्या बहिणीच्या नावावर कोणीतरी पुस्तके वाचत आहे आणि आपण ठाऊक असून गप्प आहात, असा माझा उघड आरोप आहे.

१. मी सोफे-खुर्च्यांना कापड चढवण्याचे काम करतो. शाळा चौथीत सुटली. वाचायला शिकवले ते थोरल्या बहिणीने, वडिलांच्या दुकानात, जुन्या खुर्च्या उसवल्यावर आतून निघणाऱ्या रद्दीवर. बातमी नेहमी अर्धीच निघायची. उरलेली ताई मनाने रचून सांगायची. खरे पुढे काय झाले ते कळावे म्हणून मी पुस्तकांच्या नादी लागलो. तो नाद अजून सुटलेला नाही.

२. घरात ग्रंथालयाचे कार्ड एकच, ताईचे. वाचलेलेच पुस्तक चुकून पुन्हा आले की आठवडा फुकट. म्हणून वाचून झाले की ती शेवटच्या पानाच्या तळाशी पेन्सिलीने बारीकसा त्रिकोण काढी. आवडले असेल तर त्रिकोणाला शेपटी. झाली मासोळी. मासोळी दिसली की मी बिनधास्त वाचायचे. ग्रंथालयाच्या मालमत्तेवर लिहिणे गैर, हे मान्य. दंड करायचा तर कार्ड तिच्या नावावर आहे, वसूल करून दाखवा.

३. ताई गेल्यावर मी मासोळीचीच पुस्तके शोधून वाचत आलो. ती संपत आली तसा कपाटांपुढे ताटकळू लागलो. देवघेवीच्या खिडकीवरील बाईंनी हटकले, "काका, तुम्ही नुसतं शेवटचं पान बघता आणि ठेवून देता. कुठलाच शेवट पटत नाही का तुम्हाला?" मी रागाच्या भरात खुणेची सगळी हकिकत सांगून बसलो. ही माझी चूक. सरकारी खिडकीवर घरचे काही बोलू नये, एवढी अक्कल मला या वयात हवी होती.

४. त्यानंतर मासोळ्या वाढल्या. ज्या कपाटावरून मी रिकाम्या हाताने परतलो होतो, त्याच कपाटात! आधी वाटले, माझ्या नजरेतून सुटल्या असतील. पण मागच्या महिन्यात ज्यात मासोळी सापडली, ते पुस्तकच ताई गेल्यानंतर छापलेले. कोरे करकरीत. शिवाय ताई डावरी होती. तिची मासोळी उजवीकडे पोहायची. या सगळ्या डावीकडे पोहतात.

५. मी पाळत ठेवली. बाईंच्या कानावर कायम पेन्सिल खोचलेली असते. "हे काम तुमचंच ना?" एवढेच मी विचारले. तर म्हणाल्या, "काका, मला कुठे मासे काढता येतात?" या वेळी मी माशाचे नावही काढले नव्हते. शेजारचा शिपाई तोंडाला रुमाल लावून हसला. त्यालाही सामील धरावे.

६. पुढचे लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो. ही खोट्या मासोळ्यांची पुस्तके मी खोट पकडण्यासाठीच वाचली. एकही टाकाऊ निघाले नाही. परवा तर एक वाचताना खिळे तोंडात धरलेले, हातोडी मांडीवर, गिऱ्हाईक दारात उभे, आणि मला भान नाही. एक ओळ अशी आली की ती वाचून दाखवायला मी "ताई" म्हणून हाक मारली. सगळे खिळे सांडले. गिऱ्हाईकाने तेही पाहिले. या गोष्टीला जबाबदार कोण?

तरी साहेब, लेखी कळवावे. ही शेपटी लावणारे माणूस पुस्तक खरोखर वाचून, आवडल्यावरच लावते, की म्हातारा कटकट करतो म्हणून त्याच्या तोंडावर फेकते? थट्टा असेल तर नाव द्या, पुढचे मी बघतो. वाचून लावत असेल, तर त्याला कोणी काही बोलू नये. फक्त माशाचे तोंड डावीकडेच ठेवावे, म्हणजे दोघींच्या मासोळ्या मला वेगळ्या ओळखता येतील.

वाचून की न वाचता? शिक्का नको, उत्तर हवे.

उत्तर येईपर्यंतच नम्र,
(सही)
ताईच्या कार्डावरचा वाचक

दिनांक: पोचपावतीवर आपण टाकाल तो.

सोबत: उत्तरासाठी एक कोरा कागद. पेन्सिल आपल्याकडे आहेच.